सकाळी जास्त, दुपारी कमी: जागलीच्या सोलर लाइटचं चार्जिंग काहून पडलं

मे महिन्याचा पहिला आठवडा असेल, दारव्ह्याच्या पुढच्या एका गावातले काकाजी दुकानात एक प्लास्टिकचा डब्बा घेऊन आले. आमच्याकडे फवारणी पंपाचे चार्जर, झटका मशीन (शेताच्या तारेच्या कुंपणाला झटका देणारं), मोबाइल, टॉर्च असं सगळंच रिपेरिंगला येते, त्यामुळे डब्बा पाहून काही वाटलं नाही. आत चार १८६५० सेल (गोल लिथियम सेल) पॅरलल, एक छोटा चार्जिंग बोर्ड, एक एलईडीचा लाइट आणि वर लावायला सहा व्होल्ट सहा वॅटचं पॅनल. पुतण्यानं ऑनलाइन सामान मागवून जोडून दिलं होतं आणि जोडणी खरं सांगतो चांगली होती, सोल्डरिंग माझ्या दुकानातल्या पोरापेक्षा साफ.

तक्रार अशी. उन्हाळी भुईमूग लावलेला, शेंगा भरत आलेल्या, म्हणजे रानडुकरांची दिवाळी. रात्रभर मचाणावर लाइट पाहिजे. "भाऊ, राती अकरा वाजले का लाइट खल्लास. आन डुकरं काय घड्याळ पाहून येतेत का काय, बराब्बर साडेअकराले येतेत." मी विचारलं पॅनल सावलीत तर नाही ना, तर म्हणे, "सावली कुठं आहे बावा, ऊन त इतकं आहे का डोक्शाचं भजं होते."

मी बोर्ड पाहिला. सीएन३७९१ चिप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एका लिथियम सेलसाठीची सोलर चार्जिंगची चिप आहे, दहा पायांची, बाहेर एक मॉसफेट, कॉइल, डायोड लावून पॅनलचा व्होल्टेज खाली उतरवते आणि सेलला ४.२ व्होल्टपर्यंत भरते. टीपी४०५६ ही चार्जिंगची दुसरी चिप सगळ्यांना माहीत असते, ती जास्तीचा व्होल्टेज नुसता गरम होऊन उडवते, ही तसं करत नाही, म्हणून सोलरवर हिचाच बोर्ड बरा. चार्जिंग करंट किती हे एका बारक्या रोधावर (रेझिस्टर, याला सेन्स रोध म्हणतात) ठरते, हिशोब सोपा आहे, १२० मिलीव्होल्ट भागिले त्या रोधाचे ओहम. या बोर्डावर आर०५० लिहिलेला रोध होता, म्हणजे ०.०५ ओहम, म्हणजे २.४ अँपिअर. पॅनल एवढं देऊच शकत नाही ते सोडा, पण चिपची लिमिट कमी सेट केलेली नाही एवढं पक्कं झालं.

मग मी दुकानातला नऊ व्होल्टचा अडॅप्टर पॅनलच्या जागी लावला, सेल ३.६ व्होल्टवर होते, आणि चार्जिंग धडाधड सुरू, २.३ अँपिअरच्या आसपास. म्हटलं काकाजी तुमचा डब्बा ठणठणीत आहे, पॅनलच लहान आहे, मोठं घ्या. पन्नास रुपये घेतले आणि पाठवून दिलं. हे पन्नास रुपये मला आजही टोचतात, कारण मी फक्त एवढंच सिद्ध केलं होतं की डब्बा माझ्या दुकानात पंख्याखाली, अडॅप्टरवर बरोबर चालतो. डब्ब्याला राहायचं होतं शेतात.

तीन दिवसांनी परत हजर. यावेळी पुतण्या फोनवर. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पोरगा हुशार, त्याचं म्हणणं की सेन्स रोध जास्त ओहमचा असेल, त्यावर दुसरा तसाच लावा म्हणजे लिमिट डबल होईल. मला माहीत होतं की २.४ची लिमिट आधीच भरपूर आहे, तरी मी लावला, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि काहीतरी केल्याचं दिसलं पाहिजे (रिपेरिंगवाले समजून घेतील). दुसऱ्या दिवशी फोन आला, काहीच फरक नाही. येणारच नव्हता. पाईपात पाणीच येत नसेल तर नळ बदलून काय होणार. आणि त्या नादात ४.८ अँपिअरची लिमिट करून ठेवली होती, चुकून कोणी मोठा अडॅप्टर लावला असता तर कॉइल आणि सेल दोन्हीचा निकाल लागला असता. तो रोध मी पुढची मापं घ्यायच्या आधी काढला.

पण त्या फोनवर काकाजी सहज एक वाक्य बोलून गेले आणि तेच सगळ्यात कामाचं होतं. "सकाळून लाल बत्ती चांगली टकटक असते, मी पाह्यलं त सकाळून नऊच्या टायमाले सेल चढते, दुपारून चढतच नाई." म्हणजे जास्त उन्हात कमी. त्यांच्याकडे झटका मशीनसाठी घेतलेलं एक स्वस्त मीटर आहे, त्यावर ते सेलचे व्होल्ट रोज वहीत लिहून ठेवत होते! मी विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईकाला आधी विचारायचं सोडून मी डब्बा उघडून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता गाडी काढून शेतात गेलो. बायको म्हणाली वेड लागलं का, ४५ डिगरीत कोणी जाते का. पण बिघाड दुपारचा असेल तर दुपारीच पाहावा लागते.

आता मापं कशी घेतली ते नीट सांगतो, कारण इथंच बरेच जण फसतात. करंट मोजायला मीटर मध्ये घालू नका. मीटरच्या वायरी, आतला फ्यूज, जॅक, याचाच मिळून रोध येतो आणि एवढ्या कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये तेवढ्यानं आकडा बदलतो. बोर्डावरचा सेन्स रोधच मीटर समजा. त्याच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट पाहिले, ११ मिलीव्होल्ट. ११ भागिले ०.०५ म्हणजे २२० मिलीअँपिअर. चिपची लिमिट लागायला इथं १२० मिलीव्होल्ट दिसायला पाहिजे होते. म्हणजे चिप करंटच्या लिमिटवर अडकलेली नाही हे एका मापात कळते, आणि हेच माप मी दुकानात बसून फोनवरून काकाजींना त्यांच्याच मीटरनं घ्यायला लावू शकलो असतो.

मग सेल पाहिले, ३.६५ व्होल्ट. सेल अगदी खाली उतरलेला असला की चिप आधी थोडाथोडाच करंट देते, आणि ४.२ जवळ आला की परत कमी करते, दोन्ही नाही. मग राहिला एकच पाय, एमपीपीटीचा (मॅक्झिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग).

हा पाय काय करते ते सांगतो. पॅनलमधून दोन रोधांमधून थोडा व्होल्टेज या पायावर येतो. चिप काय पाहते, की हा पाय १.२०५ व्होल्टच्या खाली गेला नाही पाहिजे. गेला तर ती चार्जिंग करंट कमी करते, म्हणजे पॅनलवरचा भार कमी होतो आणि व्होल्टेज परत वर येतो. नाव जरी एमपीपीटी असलं तरी ही काही पॅनलचा सर्वात जास्त पॉवरचा बिंदू शोधत फिरत नाही, तुम्ही रोधांनी जो व्होल्टेज सांगितला तो बिनडोकपणे धरून बसते. आपल्या बोर्डावर वरचा रोध १०० के (के म्हणजे हजार ओहम) आणि खालचा २४.९ के. १.२०५ गुणिले (१ अधिक १०० भागिले २४.९), म्हणजे ६.०४ व्होल्ट. सहा व्होल्टच्या पॅनलसाठी सहा व्होल्टची सेटिंग, ऐकायला एकदम बरोबर.

पायावर मीटर लावलं, १.२०. डब्ब्याच्या पॅनल इनपुटवर ६.०४. म्हणजे चिप इनपुट व्होल्टेज सांभाळायला करंट दाबून बसली होती. हे नक्की झालं. दुकानात नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर हाच पाय १.८ च्या जवळ असणार, त्यामुळे तिथं हा प्रश्न दिसणारच नव्हता.

आता उन्हात पॅनल का कमी पडलं? डब्ब्यापासून पॅनलची वायर काढून नुसत्या पॅनलचे व्होल्ट पाहिले तर ६.२! पॅनलच्या मागच्या लेबलवर बिनभाराचे ७.२ लिहिलेले. पॅनलच्या मागे हात लावला आणि झटकन काढला, तव्यावर लावल्यासारखं. तिथंच ट्यूब पेटली. ह्या पॅनलमध्ये बारा सेल सिरीजमध्ये असतात, प्रत्येकाचा कामाचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणून सहा. पण हे सगळे लेबलवरचे आकडे २५ डिगरी सेलच्या तापमानाला असतात, हवेच्या नाही, सेलच्या. पॅनल उन्हात हवेपेक्षा वीस-पंचवीस डिगरी जास्त तापते, म्हणजे आमच्या मे महिन्यात ७० धरा. सिलिकॉनच्या पॅनलचा बिनभाराचा व्होल्टेज दर डिगरीला साधारण ०.३ टक्के पडते आणि जास्तीत जास्त पॉवर देणारा व्होल्टेज ०.४ च्या वर. ४५ डिगरीचा फरक लावून पाहा, ७.२ चे झाले ६.२ आणि सहाचे झाले ४.९ च्या आसपास.

म्हणजे तापलेलं पॅनल ४.९ वर चांगलं काम करायला तयार होतं, आणि चिप म्हणत होती सहाच्या खाली मी येऊ देणार नाही. सहा म्हणजे त्या वेळच्या बिनभाराच्या व्होल्टेजच्या अगदी काठावर, तिथं पॅनल करंट देईल तरी किती. चिपची चूक नाही. चिप डब्ब्यात, पॅनल उन्हात, तिला पॅनलचा ताप कसा कळणार.

खात्री करायला मी काकाजींना म्हटलं एक बादली पाणी आणा. ते म्हणाले, "पॅनलले तहान लागली काय?" पॅनलवर हळूहळू पाणी ओतत राहिलो आणि दुसऱ्या हातानं मीटर धरलं. ११ मिलीव्होल्टचे १८, मग २५, मग ३४. म्हणजे २२० मिलीअँपिअरचे जवळजवळ ७००, ऊन तेवढंच, पॅनल तेच, चिप तीच. काकाजी पाहतच राहिले, म्हणे मंग रोज पाणीच टाकू का. (हे पॅनल प्लास्टिकच्या लेपाचं होतं म्हणून चाललं. काचेच्या मोठ्या पॅनलवर भर दुपारी थंड पाणी ओतू नका, काच तडकू शकते.) पाणी वाळल्यावर पाच मिनिटांत परत ११ वर आलं. काकाजींची वही पण जुळली, सकाळी नऊ वाजता पॅनल कोमट असते म्हणून ऊन कमी असूनही करंट दुपारच्या जवळजवळ दुप्पट.

अजून एक गोष्ट हाती लागली. पॅनल मचाणाच्या वर, डब्बा खाली, मध्ये तीस फूट वायर, आणि ती वायर स्पीकरची पातळवाली. पॅनलच्या टोकाला मोजलं तर ६.१५, डब्ब्यात ६.०४. म्हणजे इतक्या कमी करंटवर पण ०.११ व्होल्ट वायर खात होती. जाणं-येणं धरून ०.७ ओहमच्या जवळ. करंट वाढला की हे अर्ध्या व्होल्टवर जाणार. चिप डब्ब्यातला व्होल्टेज पाहते, पॅनलचा नाही, म्हणजे वायरनं जेवढे खाल्ले तेवढं पॅनलला अजून वर राहावं लागते, आधीच काठावर असलेल्याला अजून ढकलल्यासारखं.

आता उपाय. सेटिंग सहावरून पाचवर आणायची. खूप जणांना वाटते की मग हिवाळ्यात, पॅनल थंड असताना नुकसान होईल, तेव्हा तर पॅनलचा चांगला बिंदू साडेपाचच्या वर असते. होते, पण थोडंच. पॅनलचा करंट त्या बिंदूच्या खालच्या बाजूला जवळजवळ सारखाच राहते, त्यामुळे पॉवर फक्त व्होल्टेजच्या प्रमाणात हळूहळू उतरते. वरच्या बाजूला मात्र करंट धाडकन पडते. एका बाजूनं बैलगाडी उतरेल असा उतार आहे आणि दुसऱ्या बाजूनं सरळ विहीर. मग सेटिंग कोणत्या बाजूला ठेवायची हे सांगायला नको. बोर्ड विकणारे थंड पॅनलच्या लेबलप्रमाणे सेटिंग करून विकतात, त्यांच्या टेबलावर बरोबरच चालत असेल.

पाचच्या पण खाली का नाही नेली? पहिला मोह तोच झाला, ४.७ करू. पण ही चिप व्होल्टेज फक्त खाली उतरवू शकते, वर चढवू शकत नाही. सेल ४.२ पर्यंत भरायचा तर इनपुट त्याच्या वर, मॉसफेट-कॉइल-डायोडचं खाणं धरून थोडं अंतर पाहिजेच, आणि चिपला स्वतःला कमीत कमी ४.५ लागतात. म्हणून पाचवर थांबलो.

रोध बदलायची पण गरज नाही. वरच्या १०० के च्या डोक्यावर ३९० के ठेवून सोल्डर केला, दोन्ही मिळून ७९.६ के, आणि हिशोब ५.०६ व्होल्ट येते. हा ३९० के मी एका मेलेल्या सेटटॉप बॉक्सच्या बोर्डावरून काढला, खर्च शून्य. आधी मीटरनं मोजून घ्या, उन्हात रोधावरची खूण अंधुक दिसते आणि ३९ के चा रोध लावून बसलात तर सेटिंग पाच काय अडीचवर जाईल, मग चिप पॅनलला रोखणारच नाही, सगळा व्होल्टेज कोसळून चार्जिंग लागते-सुटते असं होत राहील.

दुसऱ्या दिवशी परत एक वाजता. ३९ मिलीव्होल्ट. म्हणजे ७८० मिलीअँपिअर, काल २२० होते. मग पातळ वायर काढून दीड स्क्वेअर एमएमची घरातल्या फिटिंगवाली वायर टाकली, ४६ मिलीव्होल्ट, ९२०. एमपीपीटीचा पाय अजूनही १.२ वरच होता, आणि तो तसाच राहणार, कारण पॅनलपेक्षा सेलची भूक मोठीच आहे. आता फरक एवढाच की चिप पॅनलला त्याच्या चांगल्या जागी धरून बसली आहे.

लाइट त्या रात्री तीन वाजेपर्यंत चालला. पहाटेपर्यंत नाही! काकाजी जरा नाराज. हिशोब लावला, दिवसभराचं मिळून साडेपाच-सहा अँपिअर-अवर भरत असेल आणि लाइट ०.७ अँपिअर खातो, म्हणजे आठ तास, सात वाजता लावला की तीन. म्हणून एलईडीचा करंट ०.५ वर आणला, उजेड थोडा कमी झाला, डुकरांना फरक कळला नाही, सकाळपर्यंत पुरला. खरं म्हणजे नऊ व्होल्टचं, अठरा सेलवालं पॅनल लावून सेटिंग सातवर ठेवली तर उन्हाळ्यात जीव एवढा टांगणीला लागत नाही, मी तसं सांगितलं पण शेंगा निघाल्याशिवाय ते पैसे काढणार नाहीत हे त्यांनी पण सांगितलं आणि मलाही माहीत होतं.

एक काम मात्र मी तिथल्या तिथं करायला लावलं. डब्बा मचाणाच्या पायाशी उन्हात टांगलेला होता. बहुतेक लिथियम सेल ४५ डिगरीच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि आमच्याकडे हवाच ४५, बंद डब्ब्यात किती असेल. या चिपला सेलचं तापमान पाहायचा पायच नाही, ती बिचारी भरत राहणार, आणि आता तर चौपट करंटनं भरणार होती, म्हणजे मी एक दुखणं काढून दुसरं लावल्यासारखं. काकाजींनी फुटक्या काठाचा एक जुना माठ लिंबाच्या सावलीत अर्धा जमिनीत पुरला, त्यात डब्बा ठेवला, वर पोतं. दुपारी दोनला आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा बराच गार. पाणी शिरू नये म्हणून पावसाच्या आधी काढायचं ठरलं.

आठवड्यानं त्याच गावचे दोघे तसेच डब्बे घेऊन आले, बाजूच्या धुऱ्यावाले. आता मी आधी एमपीपीटीचा पायच पाहतो. पहिल्याचा १.२, तीच गोष्ट, ३९० के, संपलं. दुसऱ्याचा ०.८३. चार्जिंग जवळजवळ शून्य. चिप १.२०५ च्या खाली भरूच देत नाही, मग हा इतका खाली कसा, तर बोर्ड उलटून पाहिला, मागे नऊ व्होल्टवर टिक, आणि पॅनल सहाचं. ऑनलाइन मागवताना चुकीच्या खान्यावर बोट पडलं असणार. नऊच्या सेटिंगला ६.२ व्होल्ट दिले की पायावर बरोबर ०.८३ येतात. त्याला वरचा रोधच काढून नवीन लावावा लागला. तो म्हणाला, "मंग तीन महिने आमी अंधारात कायले बसलो जी?" मी त्याचे पैसे घेतले नाहीत, काकाजींचे ते पन्नास पण त्या दिवशी परत केले.